उजव्या पानावरचे पणजोबा

आत्याला सासरी येऊन चौसष्ट वर्षं झाली होती. तरी तिच्या माहेरचं, कुलूपवाला आडनावाचं कोणी दारात उभं राहिलं, की तिचे दीर चष्म्यावरून बघत म्हणायचे, "कपाटांच्या किल्ल्या सांभाळा रे, कुलूपवाले आले!"

दीर कोर्टातले निवृत्त कारकून. तरुणपणी जुन्या तुरुंगाची फाटकावरची वही त्यांच्या नजरेखालून गेली होती. तिच्यात आत्याच्या आजोबांचं नाव दर महिन्याला होतं. तेवढ्या भांडवलावर आजोबांना तुरुंगात हजेरी लावणारा कुलूपफोड्या ठरवून त्यांनी जन्मभर थट्टा चालवली. आत्या हसून सोडून द्यायची, पण आजोबांचा फोटो तिने कधी भिंतीवर लावला नाही. तो कपाटात, कपड्यांच्या घड्यांखाली होता.

अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी तिने भाच्याला बोलावलं. "एकदाचं काय ते बघून ये. चोर निघाले तर निघाले. फोटो आहे तिथेच राहील."

भाच्याची हयात छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली होती. पान शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. दफ्तरखान्यात त्याने ती वही मागवली. उघडल्यावर तिने अख्खं टेबल व्यापलं. डाव्या पानावर नाव, आत गेल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ. पणजोबा होतेच: महिन्याचा पहिला सोमवार, आठला आत, अकराला बाहेर. पण ओळ तिथे संपत नव्हती. ती शिवण ओलांडून उजव्या पानावर गेली होती. तिथे लिहिलं होतं: 'काम: एकेचाळीस कुलपांना तेल. सोबत: कुपी, कोंबडीचं पीस.'

एकोणीस वर्षं असेच सोमवार. आधी नुसतं नाव. तिसऱ्या वर्षी त्याच नावाचा एक भिंती रंगवणारा येऊ लागला, तेव्हा घोळ नको म्हणून फाटकावरच्या कारकुनाने पणजोबांपुढे 'कुलूपवाला' लिहिलं, दुसऱ्यापुढे 'रंगवाला'. शेवटच्या वर्षी पणजोबांबरोबर त्यांचा मुलगाही आत जाऊ लागला. त्याच्या नावापुढे तोच शब्द, आता आडनाव म्हणून.

एका सोमवारी मात्र बाहेर पडल्याची वेळ दुपारी तीन होती. उजवीकडे शेरा: 'अधीक्षकांच्या कपाटाची किल्ली हरवली. दोन साक्षीदार येईपर्यंत उघडण्यास नकार.'

भाच्याने सगळं उतरवून घेतलं आणि संध्याकाळी आत्याच्या घरी दिरांसमोर वाचून दाखवलं. साक्षीदारांच्या ओळीला आत्याने मान हलवली. "म्हातारपणीही असेच होते. शेजारचे दोघं उभे असल्याशिवाय आमच्या घरचंसुद्धा कुलूप उघडायचे नाहीत. आजी बाहेर ताटकळायची आणि बोटं मोडायची!"

दिरांनी चष्मा काढून पुसला. "मी डावंच पान पाहिलं होतं, वहिनी."

"चौसष्ट वर्षं, भावजी?" आत्या म्हणाली, आणि मग तिला हसू आवरेना. "पण तुमचंही अगदीच खोटं नव्हतं. आडनाव आम्हाला तुरुंगातच मिळालं!"

फोटो बाहेर निघाला. भाचा खिळा घेऊन स्टुलावर चढला, दिरांनी स्टूल धरलं आणि मान वर करून म्हणाले, "जरा डावीकडे."

"डावीकडे बघूनच सगळा घोळ झालाय," आत्या म्हणाली. "उजवीकडे घे रे."