कुंपणापलीकडची पंगत

आजवर तुम्ही ज्या ज्या लग्नात जेवलात, त्यांतल्या एका तरी लग्नात वाजंत्री केव्हा जेवले, कुठं बसून जेवले, हे तुम्हाला सांगता येईल का?

मला आलं नसतं. आणि लग्नं तर मी लहानपणापासून पाहत होतो. जालन्यात आमचं कापडाचं दुकान. पणजोबा राजस्थानातून आले ते इथलेच झाले. आम्ही जैन. आसपासच्या खेड्यांतल्या शेतकऱ्यांकडे लग्न निघालं की बस्ता आमच्या दुकानात बांधला जाई. नवरीचे शालू, नवरदेवाचं उपरणं, मानपानाची लुगडी-धोतरं असं सगळं एका मोठ्या गाठोड्यात बांधलं जाई, आणि गाठ मारण्याआधी बापूजी, म्हणजे माझे वडील, त्यात पांढऱ्या कापडाचा एक तुकडा आपल्याकडून घालत. तो अंतरपाटासाठी. मग लग्नाची अक्षत यायची आणि आम्ही जायचो, परके पाहुणे म्हणून.

परके म्हणजे खरोखरच परके. आमच्या जेवणाची रीत ठरलेली होती. यजमान आम्हाला कोरडा शिधा द्यायचे. नव्या सुपात कणीक, तुरीची डाळ, तूप, गूळ, मीठ. झाडाखाली जमीन सारवून तीन दगडांची चूल मांडलेली असायची, शेजारी कोरी घागर. बापूजी आपल्या गाळण्यातून पाणी गाळून घेत, गोवऱ्यांच्या आरावर बाट्या भाजत, आणि उन्हं कलायच्या आत आम्ही जेवून घेत असू. यात कोणाला अपमान वाटत नसे. उलट शेतकरी हौसेनं विचारत, "शेटजी, तूप बस झालं का? अजून आणू?"

या सगळ्याची मला चीड येऊ लागली ती पत्रकांमुळे. निजामाच्या राज्यात चोरून वाटलेली आणि नंतर उघडपणे वाटलेली चार-चार पानी पत्रकं मी कापडाच्या ठाणांमागे लपवून वाचली होती. शाळेच्या पुस्तकांनी मला जेवढं शिकवलं नाही तेवढं त्या हलक्या कागदांनी शिकवलं. अस्पृश्यता पाळणं गुन्हा ठरवणारा कायदा झाला तेव्हा त्याचं पत्रक मी बाजारात उभं राहून मोठ्यानं वाचलं होतं. ऐकायला सात-आठ माणसं होती. मला ती सात-आठशे वाटली.

त्यानंतरच्याच वैशाखात आष्टीच्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या थोरल्या मुलीचं लग्न निघालं. बापूजी आणि मी सकाळच्या गाडीनं परतूरला उतरलो. तिथून यजमानांची बैलांची दमणी होती. वाटेत मी बापूजींना सांगून टाकलं, "आज मी शिधा घेणार नाही. पंगतीत बसणार."

बापूजी बैलांच्या शिंगांकडे पाहत म्हणाले, "वांग्याची भाजी असते. लसूण असतो. खाशील?"

"खाईन."

"मग खा. पण बेटा, दुसऱ्याच्या मांडवात जाऊन बसतोयस, एवढं ध्यानात ठेव."

मांडवाच्या तोंडाशी वाजंत्री बसले होते. मांगवाड्यातले चौघं. एक म्हातारा सनईवाला, त्याचा मुलगा सुरावर, दोघं डफड्यांवर. पहाटे हळदीला बसले ते उठलेच नव्हते. म्हाताऱ्याचे गाल फुगून फुगून लाल झाले होते. मंगलाष्टकं झाली, अंतरपाट खाली आला, अक्षता पडल्या आणि डफडी कडाडली. आमच्या दुकानातला तो पांढरा तुकडा भटजींनी घडी करून काखेत मारला. दोन माणसांमधला पडदा असा दूर होतो, असं एक वाक्य मला तिथंच सुचलं आणि मी मनातल्या मनात खूश झालो. असली वाक्यं मला फार लवकर सुचतात.

पहिली पंगत वऱ्हाडाची. मी त्यात जाऊन बसलो तेव्हा नवरीचे वडील धावतच आले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "आवो धाकले शेट, तुमी आमच्या पंगतीला! बिलकुल न्हाई वाटलं व्हतं मला." त्यांनी स्वतः माझ्या पत्रावळीवर लापशी वाढली, वर तुपाची धार धरली. समोरून वऱ्हाडातला एक जण ओरडला, "शेट, वांगं जपून खा बरं का! रात्री पोट धरून जालन्याला पळताल." सगळे हसले. मीही हसलो. त्या क्षणी मला वाटलं, झालं. एवढं सोपं होतं तर हे आधी कोणी का केलं नाही?

मी मान वर केली, आणि मांडवाच्या कडेच्या काटेरी कुंपणापलीकडे ते चौघे दिसले. उन्हात बसले होते. म्हाताऱ्यानं सनई फडक्यात गुंडाळून मांडीवर ठेवली होती. त्यांच्याजवळ ना पत्रावळ, ना पाणी.

मी शेजारच्याला विचारलं, "ते केव्हा जेवतात?"

"समद्यांचं झाल्यावर. काय उरंल ते नेत्यात की."

सगळ्यांची पानं वाढून झाली होती. आता कोणीतरी 'हर हर महादेव' म्हणायचं आणि पहिला घास उचलायचा, एवढंच राहिलं होतं. मी उभा राहिलो. बाजारात पत्रक वाचताना जो आवाज लावत होतो तोच लावला. म्हणालो, "पहाटेपासून वाजवणारी माणसं उपाशी आहेत. त्यांना इथं, माझ्या शेजारी बसवा. त्याशिवाय मी घास घेणार नाही."

वाढणाऱ्याच्या हातातली पळी तशीच वर राहिली.

नवरदेवाचे चुलते माझ्यापासून चार पानांवर बसले होते. ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. नवरीच्या वडिलांकडे बघून म्हणाले, "पाव्हणं, आमाला जेवू घालायला बलावलं का धडा शिकवायला?" मग वऱ्हाडाकडे वळून, "उठा रे."

वऱ्हाड भरल्या पानावरून उठलं तर त्या मुलीचं पुढं काय होतं, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. मला वाचून माहीत होतं. दोन-तीन माणसं उठलीही. नवरीच्या वडिलांनी डोक्याचा पटका काढला आणि चुलत्यांच्या पायाशी ठेवला. मग माझ्याकडे वळून हात जोडले. मघाशी ज्या डोळ्यांत आनंदाचं पाणी होतं तेच डोळे होते.

तेवढ्यात म्हातारा सनईवाला उठून कुंपणाशी आला. आत पाऊल न टाकता म्हणाला, "शेट, आमाला कशाला वढून राह्यले तिकडं? तुमीच या की हिकडं. हितं जागा लई हाय."

त्यानं हे टोमणा म्हणून म्हटलं की मनापासून, ते मला आजही ठरवता येत नाही. पण मांडवातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. साधी गोष्ट होती. पत्रावळ उचलायची, वीस पावलं चालायची, आणि त्यांच्याजवळ उन्हात बसायचं. कोणाला उठवायला लागलं नसतं. कोणाचा पटका उतरला नसता. माझ्या एकाही पत्रकात हे लिहिलेलं नव्हतं आणि माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. मी त्यांना आमच्या ओळीत बोलावत होतो. त्यांच्या ओळीत मी बसायचं, हा विचार मला शिवलाही नव्हता.

मी पत्रावळीला हात घातला. दोन्ही हातांनी ती जमिनीवरून उचलली. वरण एका बाजूला ओघळलं. झाडाखाली बापूजी चुलीसमोर उभे राहून माझ्याकडे पाहत होते. चुलते पाहत होते. मी पत्रावळ पुन्हा खाली ठेवली.

म्हाताऱ्यानं ते पाहिलं. तो वळला. डफडीवाल्यांनी डफडी खांद्याला अडकवली आणि ते चौघे न जेवता मांगवाड्याकडे चालू लागले. मागून कोणीतरी म्हणालं, "चला, हर हर महादेव म्हणा." वऱ्हाड खाली बसलं. लग्न वाचलं. उपाशी राहिले ते चौघेच. मी ज्यांच्यासाठी उभा राहिलो होतो ते.

परतताना दमणीत बापूजी म्हणाले, "तू बोललास ते खोटं नव्हतं." थोड्या वेळानं म्हणाले, "पण खर्च त्यांच्या पदरी घातलास." लसणाची चव तोंडात होती.

महिनाभरानं नवरीचे वडील दुकानात आले. रागावलेले नव्हते. बोलता बोलता कळलं की गावातल्या पुढच्या लग्नाला वाजंत्री परतूरहून आणले. "उगी कटकट नको म्हन्ले लोक." मी दुसऱ्याच दिवशी आष्टीला गेलो आणि मांगवाडा विचारत म्हाताऱ्याच्या दारात उभा राहिलो. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. ते त्यानं बोलू दिलं नाही.

"भाकर खाताल का?" त्यानं विचारलं.

त्याच्या सुनेनं ज्वारीची भाकरी आणि लाल मिरचीचा ठेचा दिला. मी जेवलो. पाणी प्यालो. मला वाटलं, आता तरी हिशेब चुकता झाला. उठताना तसं काहीतरी मी बोललोही असेन, कारण म्हातारा हसला.

"हितं काय, कोनी बघून न्हाई राह्यलं. घरात जेवला ते लई चांगलं केलं. पन लगनात याल तव्हा खरं."

या गोष्टीला तीन वर्षं झाली. या तीन वर्षांत मी पुष्कळ लिहिलं, काही छापून आलं, काही ठिकाणी टाळ्याही पडल्या. लग्नांना जायचं मात्र मी टाळत आलो. कधी परीक्षेचं कारण, कधी तापाचं.

आता आष्टीहून पुन्हा अक्षत आली आहे. त्याच घरच्या धाकट्या मुलीचं लग्न. वाजंत्री गावचेच आहेत, तोच म्हातारा आहे, हे मी विचारून घेतलं. मुलीच्या वडिलांना मी या वेळी आधीच कळवलं आहे की मी पहिल्या पंगतीत बसणार नाही, भाषण करणार नाही, कोणाला उठवणार नाही. सगळ्यांच्या शेवटी, कुंपणापलीकडे, वाजंत्र्यांबरोबर बसेन, आणि त्यांच्या पानावर पडेल तेच माझ्या पानावर वाढा. त्यांचा निरोप आला, "या." एवढाच. याही वेळी सगळ्या माना माझ्याकडे वळतील, ते मला माहीत आहे.

तुम्हालाही या वैशाखात कुठलं ना कुठलं आमंत्रण आलं असेल. तुमच्याकडे मागणं एवढंच आहे. जाण्याआधी यजमानांना शांतपणे सांगा की तुम्ही शेवटी जेवणार आहात. पहिली पंगत बसेल तेव्हा उपाशी थांबा. मग ज्यांनी पहाटेपासून वाजवलं, मांडव घातला, पाणी भरलं, ते जिथं बसतील तिथं आपली पत्रावळ घेऊन जा आणि सगळ्यांच्या देखत त्यांच्या शेजारी बसा. एकटा कोणी बसला तर लोक त्याला वेडा म्हणतील. म्हणून जाताना आणखी एकाला बरोबर घेऊन जा.