चतुराचा दोरा

दातांच्या दवाखान्यात समोरच्या बाकावर एक दहाएक वर्षांची मुलगी आईच्या मोबाइलवर माणसं मारत होती. माणूस पडला की खुदकन हसायची.

"असल्या खेळांनीच पोरं खुनी होतात. खरं ना हो, काका?" शेजारच्या बाई म्हणाल्या. मी सवयीनं मान डोलावली आणि मग स्वतःचाच राग आला.

आमच्या लहानपणी मोबाइल नव्हते, चतुर होते. तळ्याकाठी आम्ही ते पकडायचो, शेपटीला दोरा बांधून उडवायचो. शेपूट तुटली की दुसरा धरायचा. काय हसायचो! फक्त दिनू रडायचा आणि आमची पाठ वळली की हळूच गाठी सोडून द्यायचा.

आम्ही हसणारे सगळे सरळमार्गी निघालो. मी तर शाळामास्तर झालो. दिनूनं मात्र पुढे सख्ख्या भावावर कुऱ्हाड चालवली. हे त्याच्यात आलं कुठून, असं गावात अजून विचारतात. मला ठाऊक नाही. एवढंच आठवतं की, गाठी सोडतो म्हणून आम्ही त्याला खेळायला घेणं बंद केलं. कच्चा लिंबू म्हणूनसुद्धा घेतलं नाही. तो लांब दगडावर बसून आमच्याकडे नुसता बघत राहायचा. ते बघणं अजून माझ्या पाठीवर आहे.

मीही त्या मुलीकडे तसाच बघत बसलो असणार. तिनं मोबाइल माझ्यापुढे धरला.

"आजोबा, तुम्हाला खेळायचंय?"

एवढंच कुणीतरी त्या दगडाकडे वळून म्हणायला हवं होतं.