गुरुजींचा आब

तुळशीराम रामटेके गुरुजी तीन आठवड्यांपूर्वी, मंगळवारी सकाळी, पोंभुर्ण्यात राहत्या घरी वारले. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांच्या मुलीने फोनवर एवढेच सांगितले आणि विचारले, "ते छापून आलं का?"

ते म्हणजे एक दुरुस्ती. नऊ वर्षांपूर्वी मी याच पुरवणीच्या डेस्कवर असताना गुरुजींची एक गझल आली होती. त्यात घरातल्या जुन्या कोयत्यावर ओळ होती : "घाव झाले खूप, त्याचा आब नाही उतरला." मला वाटले, टाइप करणाऱ्याकडून अनुस्वार आणि काना राहिला. मी दोन्ही दिले. रविवारी छापून आले : "त्याचा आंबा नाही उतरला." मे महिना होता. पोंभुर्ण्याच्या चौकात लोक त्यांना अडवू लागले, "काऊन गुरुजी, एवढे गोटे मारले तरी आंबा नाई पडला?"

दोन दिवसांनी ते एसटीने चंद्रपूरला, आमच्या कार्यालयात आले. ओरडले नाहीत. पुढच्या रविवारी मला गावी बोलावले आणि भिवा लोहाराच्या भट्टीपुढे उभे केले. भिवाने लाल झालेले पाते पाण्यात बुडवले. चर्र झाले… सिरोंच्यात मास्तरकी करताना गुरुजी शेजाऱ्याकडून उर्दू शिकले होते. म्हणाले, "याले आपण पाणी देनं म्हणतो. फारसीत पाण्याले आब म्हणतात. तलवार असो का कोयता, पात्यावर चढला तं धार, शेरात चढला तं चमक, मानसात चढला तं इभ्रत. अन् तुमी चढवला आंबा!"

"पाणी जास्त झालं तं पातं तडकते," भिवा म्हणाला. "मानसाचंबी तसंच असन, गुरुजी?"

"म्हनून तं मी हेडमास्तर नाई झालो ना बाबू."

दुरुस्ती देतो, असे मी त्या दिवशी कबूल केले. कवितेची दुरुस्ती छापण्याची आमच्याकडे पद्धत नव्हती आणि मी आग्रह धरला नाही. त्यानंतर प्रत्येक भेटीत गुरुजी आधी चहा सांगत, मग हसत विचारत, "साहेब, माहा आब कधी वापस करता?" शेवटचे विचारले ते दिवाळीत…

गेल्या आठवड्यात पोंभुर्ण्याला गेलो. कोयता स्वयंपाकघराच्या दारामागे खुंटीला आहे. मुलगी त्याने रोज काटक्या तोडते. गझलेचे कात्रण गुरुजींच्या शब्दकोशात निघाले. त्यावर अनुस्वार आणि शेवटचा काना लाल शाईने खोडलेला आहे.

दुरुस्ती : ती ओळ "घाव झाले खूप, त्याचा आब नाही उतरला" अशी वाचावी.