शिडाची घडी

दोरी पोत्यात टाकून ठेवली की तिला आपोआप गाठी पडतात. कोणी मारत नाही, तरी पडतात. आमच्या होडीच्या गोष्टी अशाच साठल्या. एक ओढली की दुसरी येतेच.

मी देवगडकडचा. दिल्लीत ओखल्याला यमुनेवर होड्या राखण्यात जन्म गेला. तिथे दोन मराठी माणसांची एक छोटी कॅटमरान होती. दोन निमुळत्या होड्या शेजारी शेजारी बांधाव्यात तशी. गाझियाबादचे रानडेसाहेब सरकारी ऑफिसातून रिटायर झालेले. फरीदाबादचे सायमनभाऊ मूळचे वसईचे, कारखान्यात फोरमन होते. दर रविवारी दोघे यायचे. सायमनभाऊ शिडाची कड डोलकाठीच्या खाचेत सरकवून द्यायचे, रानडे दोरी ओढून शीड वर न्यायचे. मी होडीचं नाक वाऱ्याकडे धरायचो. ते धरलं नाही तर शीड चढता चढताच होडी चालू लागते.

*

पहिल्याच रविवारी मी चहा सांगायला गेलो, तेवढ्यात रानड्यांनी शीड चढवलं. होडी निघाली. एकटीच. रानडे दोरी धरून चिखलातून तिच्यामागे! सायमनभाऊ काठावरून शांतपणे म्हणाले, "साहेब, तिला घाई असेल तर जाऊ द्या. आपण चहा पिऊन निघू."

*

एकदा रानड्यांनी शीड न अडकवताच दोरी ओढली. दोरीचा नुसता हूक डोलकाठीच्या टोकाला जाऊन बसला. तो काढायला आम्ही होडी काठावर आडवी केली. रस्त्यावरून एक शिपाई धावत आला, कोई डूबा क्या म्हणून विचारू लागला. सायमनभाऊ म्हणाले, "नहीं जी, बच्ची को लिटाके दवाई पिला रहे हैं."

शिपायाने बराच वेळ होडीकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, "पीती नहीं क्या?"

*

मग तो दाताचा रविवार. शीड चढताना वारा फिरला, खालची आडवी दांडी गर्रकन आली आणि सायमनभाऊंचा पुढचा दात गेला. चूक कोणाचीच नव्हती. पण रानडे हसले. त्यांना हसू आवरेना. सायमनभाऊ दाताचं विसरले असते, हसण्याचं विसरले नाहीत.

बोलणं बंद झालं. पण रविवार कोणी सोडेना, आणि शीड एकट्याने चढत नाही. त्यामुळे मधे मी. "त्यांना सांगा, ओढा म्हणावं." "त्यांना सांगा, ओढतोय." दोघे हातभर अंतरावर उभे. एकदा मला खोकल्याची उबळ आली, तर शीड अर्ध्यावर थांबलं. माझा खोकला संपेपर्यंत दोघेही आभाळाकडे बघत होते.

*

यंदा सायमनभाऊंनी फरीदाबादचं घर विकलं. वसईला मुलीकडे कायमचं जायचं ठरलं. हे असेच न बोलता गेले तर, या विचाराने मला चैन पडेना. मी रानड्यांना सांगितलं. "कळलंय मला," एवढंच म्हणाले आणि चष्मा पुसत राहिले.

सायमनभाऊंच्या शेवटच्या रविवारी मी गुडघा दुखतो असं सांगून चहाच्या टपरीवर बसून राहिलो. शीड कसं चढलं मला माहीत नाही, पण चढलं. संध्याकाळी दोघे परत आले. शीड उतरवलं.

आता घडी. आमच्या काठावर घाण फार, म्हणून शीड जमिनीला टेकवायचं नाही अशी पद्धत. शीड ताठ ठेवणाऱ्या आतल्या पट्ट्या काढायच्या, दोघांनी दोन टोकं चादरीसारखी धरायची आणि एकेका घडीला एकमेकांकडे चालत यायचं. मी जवळ जाऊन उभा राहिलो, पण मधे पडलो नाही. शेवटच्या घडीला दोघांचे हात एकमेकांना लागले. इतकी सरळ घडी मी कधी पाहिली नव्हती.

चौकीदार गेटवर किल्ल्या वाजवत होता.

रानडे म्हणाले, "सायमन, घडी चुकली."

सायमनभाऊंनी घडीकडे नीट पाहिलं. "हो. चुकली खरी."

आणि दोघांनी मागे मागे चालत शीड पुन्हा सगळं उलगडलं.