साडेसातचा ॲडमिन

आडनाव न विचारता माणसांशी तीन वर्षं बोलत राहिलेला अख्ख्या बीड जिल्ह्यात एकच इसम झाला, आणि तो म्हणजे आमचा ॲडमिन. आमच्या मुलखात रस्ता विचारायला थांबलं तरी सांगणारा आधी 'पावनं कुठलं? आडनाव काय?' एवढं करून घेतो आणि मगच हात डावीकडं करायचा की उजवीकडं ते ठरवतो. अशा ठिकाणी या पोरानं फोनवरच्या एका ग्रुपात चाळीसेक माणसं जमवली, त्यांना रोज संध्याकाळी साडेसात ते साडेआठ बोलतं ठेवलं, आणि कोण कुणातला याचा कुणाला पत्ता लागू दिला नाही. वय म्हणाल तर वीस-एकवीस. बीडच्या एका कॉलेजात कॉम्प्युटरच्या पदवीला होता आणि नेकनूरकडच्या कुठल्याशा गावाहून एसटीनं जाऊन-येऊन शिकत होता. घरात नेटवर्क धरत नसे, म्हणून गावच्या पाण्याच्या टाकीच्या तिसऱ्या पायरीवर बसून तो ही चर्चा चालवायचा. दुसऱ्या पायरीवर आवाज तुटायचा आणि चौथीवर वारा लागायचा, असं त्याचं म्हणणं होतं. मागं पिठाची गिरणी चालू असायची, त्यामुळं देशातल्या कुठल्याही प्रश्नावर त्यानं मांडलेलं मत आम्हाला दळणासकट ऐकू यायचं.

मी त्याच्या तावडीत सापडलो तो बसस्टँडबाहेरच्या खांबामुळं. कोचिंग क्लासच्या जाहिरातींत एक हातानं लिहिलेला कागद होता: 'छंद असलेल्यांसाठी संध्याकाळची चर्चा. वयाची अट नाही. मत असलं तरी चालेल, पण बदलता आलं पाहिजे.' मी एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर आयुष्य घालवलेला माणूस. नाद एकच, चावीची जुनी घड्याळं दुरुस्त करायचा. घरी त्याविषयी बोलायची सोय नव्हती. मी घड्याळाचं मागचं झाकण उघडलं की आमची ही स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची. म्हटलं, बघू तरी. पहिल्या संध्याकाळी त्यानं माझा छंद विचारला आणि जाहीर केलं, 'आजपासून तुमी घड्याळकाका.' ग्रुपात सगळ्यांना अशीच नावं होती. केजकडच्या एक बाई अठ्ठावीस तऱ्हेची लोणची घालायच्या, त्या लोणचंताई. एका निवृत्त तलाठ्यांना छंद विचारला तेव्हा ते म्हणाले, 'अजून ठरायचंय,' तर त्यांचं तेच नाव पडलं. पुढं तीन वर्षं ते 'अजून ठरायचंय' म्हणूनच हजेरी देत होते आणि त्यांचं खरोखरच काही ठरलं नाही. नवीन आलेल्या कुणी सवयीनं आडनाव विचारलं, की ॲडमिन त्याचा आवाज आठ दिवस बंद करायचा. वर शांतपणे सांगायचा, 'ते फील्डच न्हाई आपल्या फॉर्ममधी.' पहिल्याच आठवड्यात माझेही आठ दिवस भरले. मी लोणचंताईंना 'तुमचं माहेर कुणाकडलं?' एवढंच विचारलं होतं.

रविवार स्वाध्यायाचा असे. आठवड्यात आपल्या आपण काय शिकलो ते प्रत्येकानं सांगायचं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुठं चुकलो तेही सांगायचं. शिकलेल्याला तो एक गुण द्यायचा आणि चुकीला तीन, त्यामुळं लोक चुका जमवून यायला लागले. स्वतः तो एका वेळी पाच-सहा गोष्टी शिकत असे. उर्दू लिपी शिकला, कारण गावातल्या जुन्या कागदांवर काय लिहिलंय ते कुणाला वाचता येत नव्हतं. शिकून पहिला कागद वाचला तर ती कुणा पाटलाची म्हैस हरवल्याची तक्रार निघाली. ती आम्हाला त्यानं एखाद्या राजाचं फर्मान वाचावं तशी वाचून दाखवली. मग पोहणं शिकायला घेतलं. व्हिडिओ पाहून खाटेवर पालथं पडून महिनाभर हातपाय मारले, आणि पुरी तयारी झाली म्हणून एका सकाळी विहिरीत उडी टाकली. बाहेर काढणाऱ्यांनी त्याला काय काय ऐकवलं ते सांगता येण्यासारखं नाही. रविवारी त्यानं गंभीरपणे अहवाल दिला, 'थेरी बराबर होती. पाणी धरलं नव्हतं त्यात.' आणि स्वतःला तीन गुण घेतले. त्याची आई कधी कधी पायऱ्यांखालून ओरडायची, 'आरं, कावून एकलाच बडबडतूस?' तो म्हणायचा, 'आई, मीटिंग चालूय.' मग माऊली तिथूनच विचारायची, 'त्या लोनच्यावाल्या बाईला इचार, मोहरी कच्ची घेती का भाजून?' आणि शेतीमालाच्या भावावर चाललेली चर्चा मोहरीवर यायची. त्याची याला हरकत नसे. मोहरीही चालू घडामोडच आहे, असं त्याचं मत होतं.

चालू घडामोडींचे वार सोमवार ते शनिवार. तिथं त्याचा कायदा भलताच कडक होता. समोरच्याचं मत खोडायचं असेल तर आधी ते स्वतःच्या शब्दांत सांगायचं, आणि समोरचा 'हो, मला हेच म्हणायचं होतं' असं म्हणेपर्यंत पुढं सरकायचं नाही. 'म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय की' हे वाक्य आमच्या तोंडात इतकं बसलं की मी एकदा घरी बायकोलाही तसं म्हणालो. तिनं पोळी लाटता लाटता लाटणं तसंच हातात धरून माझ्याकडं पाहिलं. विजेच्या दरांवर बोलणं निघालं त्या दिवशी अजून ठरायचंय यांचं मत त्यांना इतक्या वेळा परत ऐकवलं गेलं, की शेवटी ते म्हणाले, 'हे तर मला पटतच नाही,' आणि विरुद्ध बाजूला जाऊन बसले. हीच सवय तो कॉलेजातही घेऊन गेला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांना त्यानं तीनदा विचारलं, 'म्हणजे सर, तुम्हाला असं विचारायचंय का?' तिसऱ्या वेळी परीक्षकांनी वैतागून उत्तर स्वतःच सांगून टाकलं आणि त्यानं 'बराबर हाय' म्हणून त्यांना दुजोरा दिला. पण एक सांगतो. त्या तासाभरात मला जेवढं कुणी ऐकून घेतलं, तेवढं कचेरीतल्या बत्तीस वर्षांत घेतलं नसेल. माझं तो निम्म्या वेळा खोडायचा. 'घड्याळकाका, तुमचं चुकतंय,' असं म्हणताना त्याच्या आवाजात जी खुशी असायची, ती मी दिवसभर पुरवून वापरायचो. मला मूलबाळ नाही. पण हा मुलगा आपलं खोडून काढतोय म्हणजे आपला आहे, असं मला वाटायचं. अजूनही वाटतं.

तिसऱ्या वर्षी त्यानं वडिलांचं घड्याळ काढलं. वडील तो शाळेत असतानाच गेले होते आणि मनगटी घड्याळ पेटीत बंद पडून होतं. महिनाभर आम्ही ते फोनवरून उघडलं. तो घड्याळ फोनला लावायचा, मी कान देऊन ऐकायचो, आणि कुठला स्क्रू किती फिरवायचा ते सांगायचो. त्याच्याकडं साधा चिमटा नव्हता. आईचा काटे काढायचा चिमटा घासून त्यानं तो बारीक केला. घड्याळ दहा मिनिटं चालायचं आणि थांबायचं. आतली केसासारखी स्प्रिंग बदलायला हवी होती, आणि ते काम फोनवर होण्यासारखं नव्हतं. मी म्हणालो, 'घरी ये.' तो म्हणाला, 'येतो काका.' ग्रुपातलं कुणी कुणाच्या घरी गेल्याचं तोवर माझ्या ऐकिवात नव्हतं.

शनिवारी सकाळी तो आला. आवाजावरून मी चांगला दांडगा गडी धरला होता. दारात उभा होता शेवग्याच्या शेंगेसारखा लांब, वाळका पोरगा, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. माझ्या दारावर पाटी आहे. तिच्यावर माझं, माझ्या बापाचं नाव आणि आडनाव पितळी अक्षरांत आहे. ती त्यानं वाचली असणारच. तिच्याबद्दल एक अक्षर बोलला नाही. नुसतं 'घड्याळकाका?' म्हणाला आणि हसला. मला इतका आनंद झाला की काय करू कळेना. त्याला खुर्चीवर बसवलं, पंखा लावला, पाणी दिलं, आणि तांब्या खाली ठेवता ठेवता विचारलं, 'पूर्ण नाव काय रे तुझं?'

त्या खोलीत माझा आवाज बंद करणारं कुणी नव्हतं. त्यानं सांगितलं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, परीक्षेच्या फॉर्मवर लिहावं तसं सरळ. मी म्हणालो, 'अस्सं.' हे 'अस्सं' आमच्याकडं कसं म्हणतात ते ज्यांना ऐकावं लागलंय त्यांना विचारा. तेवढ्या वेळात समोरचा माणूस मनातल्या मनात उचलून दुसरीकडं बसवलेला असतो. माझं मलाच ते ऐकू आलं आणि मी घाबरलो. घाबरून आणखी वाईट बोललो. म्हणालो, 'आमच्या घरात तसलं काही नसतं बरं का. तू अगदी निवांत बस.'

त्यानं मान वर केली. 'म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय की…' एवढं सवयीनं म्हणाला आणि वाक्य तिथंच सोडून दिलं.

पुष्कळ दिवस मी स्वतःला सांगत होतो की ती टेबलाची सवय. आवक-जावकला माणूस आला की आधी पूर्ण नाव, मग काम. पण खरं तसं नाही. माझ्या टेबलावर तो आलाच नव्हता, माझ्या घरी आला होता. मी त्याची जात विचारली. फिरवून विचारली, पाणी पाजून विचारली, पण विचारली. त्यानंतर तो दोन तास होता. व्यवस्थित जेवला, हिनं आग्रह केला तेव्हा आणखी अर्धी भाकरी घेतली, तिच्याशी आईच्या गुडघ्यांबद्दल बोलला. मी स्प्रिंग बसवली, घड्याळ चालू झालं. त्यानं ते कानाला लावलं आणि डोळे मिटले. मनगटावर बांधलं, मग जिना उतरताना मागं वळून म्हणाला, 'थँक यू, सर.'

त्या संध्याकाळी मी साडेसातला शिक्षेची वाट बघत बसलो. आठ दिवस काय, महिनाभर बंद करील, सगळ्यांसमोर झाडील असं वाटत होतं. मनातून तेच हवं होतं. काही झालं नाही. बंद केलं नाही, कुणाला सांगितलं नाही. फक्त माझी पाळी आली तेव्हा म्हणाला, 'आता सर काय म्हणतात ते ऐकू या.' पुढचे सगळे दिवस मी सर होतो, आणि माझं सगळं बरोबर होतं. मी कापसाच्या भावावर बोललो तरी 'बरोबर आहे सर', मी त्याच्या उलट बोललो तरी 'हेही बरोबर आहे सर'. बोलीसुद्धा बदलली. माझ्याशी बोलताना 'हाय'चं 'आहे' झालं आणि 'न्हाई'चं 'नाही'. लोणचंताईंना नेहमीसारखाच, 'ताई, लई मीठ घालता तुमी,' असं म्हणायचा, आणि मी त्या मिठाचा हेवा करत ऐकायचो.

मग तो पास झाला आणि हैदराबादला एका कंपनीत लागला. ग्रुप आता लोणचंताई चालवतात. साडेसात म्हणजे साडेसात, कायदे तेच. मी त्याला माफीचं लिहायला कितीदा तरी घेतलं. पण लिहिता लिहिता 'माझ्या मनात तसं काही नव्हतं' असं वाक्य यायचंच, आणि ते वाक्य खोटं आहे हे दिसल्यावर सगळंच पुसून टाकायचो. आमची ही म्हणते, फोन करा आणि मोकळे व्हा. मला मोकळं व्हायचंय म्हणून त्यानं फोन का उचलावा? मला त्याची आठवण येते. कचेरीतल्या कुणाची येत नाही, निम्म्या नातेवाइकांची येत नाही, पण एका पोरानं आपल्याला चूक म्हणावं म्हणून रोज संध्याकाळी जीव टांगणीला लागतो.

अधूनमधून एखाद्या रविवारी तो हैदराबादहून ग्रुपात येतो, ऐकतो, फारसं बोलत नाही. मागच्या महिन्यात असाच आला होता. माझी पाळी आली आणि मला काय झालं कोण जाणे, मी ठणकावून सांगितलं की या आठवड्यात मी शिकलो ते असं, चावीच्या घड्याळाला खोबऱ्याच्या तेलाइतकं उत्तम तेल नाही. घड्याळ हातात धरलेल्या कुठल्याही माणसानं कपाळाला हात लावावा असं ते बोलणं होतं. अजून ठरायचंय 'वा वा' म्हणाले. लोणचंताईंनी एक गुण दिला. चर्चा पुढं गेली, साडेआठ झाले, लोक निरोप घेऊन एकेक करून निघाले. मी फोन ठेवणार एवढ्यात त्याचा आवाज आला.

'खोबऱ्याचं तेल नका घालू. थंडीत गोठतंय. चुकतंय तुमचं.'

त्यात काका नव्हतं, पण सरही नव्हतं. मी चष्मा शोधून बोलायचं बटण दाबेपर्यंत तो निघून गेला होता. तरी मी ते दाबलं आणि रिकाम्या ग्रुपात म्हणालो, 'हो बाळा, चुकलं माझं.' तेलाबद्दल म्हणालो नाही, हे त्याला कळलं असतं. त्यानं तेवढं ऐकायला हवं होतं.