पडल्याचं बोला

"मेल्याचं सोडा हो विमेवाले, पडल्याचं बोला."

मी तोंड उघडायच्या आत हे वाक्य यायचं आणि सोबत उजव्या हाताचा तळवा पुढे, रस्त्यात मोटर थांबवावी तसा. मी विम्याचा एजंट. मध्यप्रांत-वऱ्हाडाचा कारभार नागपुरातून चालायचा, त्या काळात बुलढाण्याहून सर्व्हिस मोटरनं चिखली, अमडापूर, मेहकर असा हिंडायचो. आमच्याकडे विम्याला 'इमा' म्हणतात. मेहकरात एका म्हातारीनं 'इम्याचा माणूस आला' हे 'यमाचा माणूस आला' असं ऐकलं आणि धाडकन दार लावून घेतलं. तेव्हापासून त्या गल्लीत माझं नावच 'यमाचा माणूस' पडलं. अशा नावावर धंदा काय डोंबल्याचा चालणार, तुम्हीच सांगा.

ते तळवा दाखवणारे साहेब त्याच गल्लीत राहायचे. शिकलेसवरलेले इंजिनेर. सरकारी नोकरी सोडून स्वतंत्र कामं घ्यायचे. कुठं नाल्यावर बंधारा, कुठं कापसाच्या जिनिंगची शेड, कुठं गावची विहीर. बायको तरुणपणीच प्लेगात गेली, मूलबाळ नव्हतं, भावाशी बोलणं तुटलेलं. घरात एक खाट, एक टेबल आणि कोपऱ्यात जमिनीचा चढउतार मोजायच्या लेव्हलच्या दुर्बिणीची पेटी. असा बोलका माणूस मी क्वचितच पाहिला, पण बोलायला घरात चिटपाखरू नाही. मी गेलो की स्वतः चहा करायचे आणि तो संपेपर्यंत दुसऱ्याचं आधण चढवलेलं असायचं. मोटर चुकली म्हणून मी चिडायचो, तर म्हणायचे, संध्याकाळची आहे ना.

वारसाचा विषय काढला की ते हसायचे. मेल्यावर गाव उचलतेच, म्हणायचे, कोनाचंही उचलते, त्यात काऊन पैसे घालू? पण डोळे गेले, हातपाय गेले आणि जीव तेवढा राहिला, तर दार लोटून आत कोण येईल, याचं उत्तर त्यांना माझ्याकडून हवं होतं. मी मरणाचा माल विकणारा माणूस, मला हा प्रश्न कोणी केलाच नव्हता.

असा विमा तेव्हा फारसा कोणी घेत नसे, पण मिळायचा. दोन कंपन्यांचे कागद मी त्यांच्यापुढे ठेवले आणि फसलो. इंजिनेरच तो! पूल तपासावा तसा प्रत्येक शब्द ठोकून पाहू लागला. पहिली कंपनी मोठी, नाववाली, आणि एकरकमी पैसे देणारी. पण तिची अट अशी की, माणूस 'कोणतंही काम' करायला नालायक ठरला तरच पैसे मिळणार. साहेबांनी तिथंच बोट ठेवलं.

"माहे डोळे अधू झाले, तर मी शाळेची घंटा वाजवू शकतो का नाही?"

"वाजवू शकाल."

"मंग तुमची कंपनी म्हनंन, घंटा वाजवा."

मी दुसरा कागद पुढे केला. दुसरी कंपनी लहान होती, हप्ता जास्त, पण तिच्या कागदात 'स्वतःचं काम' असा शब्द होता. तेवढ्यानंही साहेबांचं समाधान होईना. स्वतःचं काम म्हणजे काय हे विमेवाल्यालाच ठाऊक नसेल तर तो कंपनीला काय कपाळ सांगणार, असं म्हणून त्यांनी मला अमडापूरकडच्या एका बंधाऱ्यावर नेलं. भर उन्हात दुर्बिणीला डोळा लावायला लावला. पाहतो तर समोर आकड्यांची उंच पट्टी धरून उभा असलेला माणूस खाली डोकं वर पाय! मी दचकून मागे सरलो. साहेब पोट धरून हसले. जुन्या दुर्बिणीत असंच उलटं दिसतं, म्हणाले, पहिलं वर्ष डोकं दुखतं, मग सरळ दुनियाच उलटी वाटायला लागते. त्या दिवशी ते फार खुशीत होते. सोबतीला कोणी असलं की त्यांचं असंच व्हायचं.

लहान कंपनीच्या कागदात आणखी एक अट होती आणि तिच्यामुळे बाकीची गिऱ्हाइकं पळून जायची. पैसे महिन्याच्या महिन्याला मिळणार, आणि दर महिन्याला कंपनीचा माणूस घरी येऊन पाहणार की गृहस्थ खरोखर कामातून गेला आहे की सोंग करतोय. लोकांना हा अपमान वाटायचा. आम्ही काय चोर आहोत का, म्हणायचे. मी ती अट घाईघाईनं वाचली आणि पुढे जाऊ लागलो. साहेबांचा तळवा पुढे आला.

"दर महिन्याले येते? चुकत तर नाही?"

चुकत नाही, म्हटलं. या भागात कोण येईल, असं त्यांनी विचारलं. मीच, म्हटलं. त्यांनी मोठ्या कंपनीचा कागद घडी करून माझ्याकडे सरकवला आणि चहाचं भांडं घ्यायला उठले. मला इतकं भरून आलं की त्या दिवशी धंदा झाल्याचा आनंदच झाला नाही.

पुढं काही वर्षांनी साहेबांना काचबिंदूनं गाठलं. पट्टीवरचे आकडे धूसर दिसायला लागले तेव्हा कोणी सांगायच्या आधी साहेबांनीच काम थांबवलं. अंदाजानं बांधलेला बंधारा खालच्या गावाच्या घरात शिरते, म्हणाले. शेजारी शिवणकाम करणारे चाचा होते, त्यांच्या घरून दोन वेळची भाकरी येऊ लागली. आणि दर महिन्याला मी.

आमची चौकशी मोठी मजेची. साहेब दाढी करून, कोट चढवून खाटेवर ताठ बसायचे. मी बोटं धरायचो, किती म्हणून विचारायचो. ते चुकायचे. आता काही काम करता का, असं मी विचारायचो. "नाही करत," अगदी कोर्टात सांगावं तसं सांगायचे. प्रश्न संपले की म्हणायचे, एवढेच? नीट तपासा बुवा, अजून काही इचारा. मग मी मनानंच प्रश्न रचायचो. जिना चढता का? अहो, घराला जिनाच नव्हता. तरी ते विचार करून उत्तर द्यायचे.

एका महिन्यात कंपनीकडून कळलं की डोळे कायमचे गेले असं डॉक्टरांनी लिहून दिलंय, आता पाहणीची गरज नाही, पैसे मनीऑर्डरनं जातील. मी आपला हौसेनं सांगायला गेलो.

"साहेब, चौकशीची कटकट गेली. कंपनीचा तुमच्यावर पुरा भरवसा बसला."

ते हातानं कोटाची बटणं चाचपत राहिले.

"भरवसा बसला म्हंजे आता कोनी येनार नाही?"

कंपनीकडून नाही, म्हटलं.

"भरवसा कंपनीले ठेवू द्या. तुम्ही नोका ठेवू," ते म्हणाले. आवाज अगदी खाली आला होता. "मी लबाड असीन. दार लावून चोरून काम करत असीन. तुम्ही येऊन पाहत जा."

आयुष्यात कधी इंचाचं खोटं न मोजलेला माणूस माझ्यापुढे असा बसला होता. मी डोळे पुसले. त्यांना ते दिसणार नव्हतं, म्हणून निवांत पुसले. मग बोटं वर धरली आणि किती म्हणून विचारलं.

एका मार्गशीर्षात नेहमीसारखा गेलो तर दाराला कुलूप. चाचा शिलाई टाकून बाहेर आले, माझा हात धरला. आदल्या आठवड्यात गेले, म्हणाले, झोपेतच. पेटी तेवढी भाऊ येऊन घेऊन गेला. मी ओट्यावर बराच वेळ बसून राहिलो, मोटर निघून गेली तरी उठवेना.

कंपनीनं त्यांच्यावर भरवसा ठेवला. मी शेवटपर्यंत ठेवला नाही.