तिसऱ्या लागवडीआधीचा खड्डा

माती ही आपली माता आहे, असं उद्घाटनाच्या भाषणात सांगण्यात आलं. त्यानंतर एसी हॉलमध्ये बसून दुपारपर्यंत आम्ही तिची स्लाइड्सवर ओळख करून घेतली. महापालिकेच्या अधिकाऱ्यांसाठीच्या या प्रशिक्षणाचं नाव होतं ‘मृदा आरोग्य, जैवविविधता आणि शाश्वत भूनियोजन’. मी मृदाशास्त्राची निवृत्त प्राध्यापक, त्यामुळे यातली माती माझ्याकडे आली होती.

जेवणाच्या सुट्टीत उद्यान विभागाच्या कांबळे मॅडम ताट घेऊन शेजारी बसल्या.

“मॅडम, उद्याच्या केस स्टडीला माझा प्लॉट घ्या ना. कोपरखैरण्याला, खाडीच्या अंगाला. दोनदा झाडं लावली, दोन्हीदा मेली. सगळे म्हणतात, मी पाणी कमी घातलं. आता तिसरी लागवड आहे. ही गेली तर माझ्यावर चौकशी लागेल.”

दुपारी मी वर्गाला कारण विचारलं. स्थापत्यचे पाटील म्हणाले, रोपंच मरतुकडी असणार. नियोजनवाले म्हणाले, लोक कचरा टाकतात. जैवविविधतावाले म्हणाले, प्रजाती चुकल्या. सगळ्यांचं कारण दुसऱ्याच्या खात्यात होतं. पत्रिकेत छापलेलं ‘आंतरशाखीय’ म्हणजे काय, ते मला तेव्हा नीट कळलं.

“उद्या तिथे खड्डा खणू,” मी म्हटलं. माणूस उतरेल एवढा खड्डा घ्यायचा आणि एक बाजू सरळ तासायची. मग केकसारखे थर दिसतात. आम्ही त्याला प्रोफाइल म्हणतो.

“खड्ड्याला परमिशन लागंल,” पाटील म्हणाले. “खाली केबल असली तर?”

“परमिशन कोण देतं?”

“आमचाच विभाग.”

“मग द्या.”

दुसऱ्या दिवशी खणलं. वर वीतभर लाल माती, ट्रकने आणून पसरलेली. खाली डेब्रिज: विटा, काँक्रीट, कुणाच्या तरी बाथरूमच्या गुलाबी टाइल्स. त्याखाली काळा, वास मारणारा चिखल.

पाटील वाकून बघत म्हणाले, “ही तर खाडी हाय. लहानपनी आमी इथं चिखलात निवट्या मासे पकडायचो.”

“मग काल बोलला का नाहीत?”

“काल रोपांवर चर्चा चालू होती.”

चिखल शुद्ध पाण्यात ढवळून मी त्यात ईसी मीटर बुडवला. पाण्यातून वीज किती सहज जाते ते हा मीटर सांगतो. मीठ जास्त, तर आकडा जास्त. आकडा भसाभस चढला.

“म्हणजे मी पाणी कमी पडू दिलं नव्हतं,” कांबळे मॅडम म्हणाल्या.

“नाही. झाडं मिठात लावली होती.”

प्लॉटच्या कडेला मोरस मात्र मजेत होती. मांसल पानांचं हे खारट झुडूप कुणी लावलेलं नव्हतं. सगळ्यांनी मिळून शिफारस लिहिली: लागवड नको, भराव उचला, खाडीकडचा बुजलेला पाइप मोकळा करा, भरतीचं पाणी आत येऊ द्या.

समारोपाला या सगळ्या विभागांचे वरिष्ठ साहेब आले. शिफारस वाचून म्हणाले, “झाडं लावायचीच नाहीत?”

“नाही सर.”

“मग उद्घाटन कशाचं करायचं? पाहुण्यांची तारीख घेतलीये!”

कांबळे मॅडम उभ्या राहिल्या.

“सर, तिसऱ्या लागवडीवर मी सही करणार नाही. कुणाच्या सहीने करायची ते सांगा.”

साहेबांनी पाटलांकडे बघितलं. पाटील म्हणाले, “मी पन नाय करनार सर.”

साहेब माझ्याकडे वळले. “हा आकडा जरा खाली नाही का आणता येणार?”

“येईल ना. खाडी हलवली तर.”

लागवड रद्द झाली. भराव निघाला, पाइप मोकळा झाला, चौकशी टळली. झाड का मेलं यावर मत देण्याआधी ते कशात लावलं होतं हे बघून यावं, एवढंच त्या प्रशिक्षणातून मी शिकले, आणि मी तर शिकवायला गेले होते.

पाहुण्यांची तारीख वाया गेली नाही. त्यांच्या हस्ते ‘संरक्षित नैसर्गिक क्षेत्र’ अशा पाटीचं अनावरण झालं. मोरस आता सगळ्या प्लॉटभर पसरली आहे. पाटीचे लोखंडी खांब मात्र वर्षभरात बुडाशी गंजून मोडले.